पंप बदलण्याआधी: फोंडा घाटात दम सोडणाऱ्या पिकअपचं प्रकरण

गाडी चार सिलिंडरची, अडीच लिटर टर्बो डिझेल पिकअप. कॉमन रेल (एका सामायिक नळीत दाबानं भरलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरना देणारी पद्धत), बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा मापदंड), २०१८ ची. मीटरवर पावणेदोन लाखांच्या पुढं किलोमीटर. काम ठरलेलं: कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गूळ भरायचा, राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीकडं पोचवायचा, आणि येताना नारळ किंवा मिळेल तो माल घेऊन तोच घाट चढायचा. तक्रार ड्रायव्हरच्या शब्दांत अशी: "मेस्त्री, घाटात पाय तळाला गेला तरी गाडी पिकप घेत न्हाई. रेसच वाढत न्हाई. बंद करून परत चालू केली की पळतीया."

मालक निर्णय घेऊनच आले होते. आधीच्या एका गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर बदलून झाला होता, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करून झाला होता, आणि शेवटी 'हाय प्रेशर पंप गेला' असं सांगून पन्नास हजारांच्या वरचा आकडा हातात दिला होता. माझ्याकडं फक्त पंप बसवून मिळेल का, एवढीच विचारणा होती. मी त्यांना म्हटलं, "दादा, पंप बसवायला माझी ना नाही. पण आधी तो गेलाय का ते बघू द्या."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण असल्या तक्रारीवर चांगले पंप उतरवले जाताना मी सतत बघतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनावर हात बसलेले मेस्त्री आजही आहेत. आवाज ऐकून दोष सांगणारी ती माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कॉमन रेलच्या गाडीत कानाला जे ऐकू येतं ते ईसीएमनं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं, घेतलेल्या निर्णयाचा परिणाम असतो. मूळ दोष त्याच्या दोन पायऱ्या मागं असतो, आणि तिथवर मोजमाप घेतल्याशिवाय पोचता येत नाही. शिवाय या गाडीत दोष एक नव्हता, दोन होते, आणि दोन्हींची तक्रार ड्रायव्हरच्या तोंडी एकच झाली होती.

ड्रायव्हरला काय विचारलं

स्कॅनर लावायच्या आधी मी ड्रायव्हरला बाजूला घेऊन बसतो. मालकाला गाडीचा खर्च माहीत असतो, ड्रायव्हरला गाडी माहीत असते.

"मामा, ही रेस न वाढायची भानगड गाडी उभी असताना कधी झाली?"

"झालीया की. गाडी धुतल्यावर दुसऱ्या दिवशी यार्डातच झाली. रेस आपोआप जरा चढली आणि तितंच अडकली."

"तेव्हा गाडी गुदमरत होती?"

"छे. मऊ चालत हुती. नुसती पायाला ऐकत न्हवती."

"आणि घाटात?"

"घाटात आधी झटकं देती, मग दम सोडती, मग लाइट लागती."

इथंच गाठ सुटायला लागली. 'पायाला ऐकत नाही' आणि 'दम सोडते' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत इंजिन निरोगी चालतंय, पण पेडलचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसरीत निरोप पोचलाय, इंजिन प्रयत्न करतंय, पण त्याला डिझेल पुरत नाही. घाटात दोन्ही एकापाठोपाठ होत असल्यानं मामांनी ते एकच दुखणं मानलं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

आणखी दोन गोष्टी विचारल्या. गरम गाडी बंद करून लगेच सेल मारला तर किती फिरवावी लागते? उत्तर: एका झटक्यात चालू. आणि टाकीत डिझेल कमी असताना त्रास जास्त होतो का? उत्तर: व्हय, पाव टाकीच्या खाली गेलं की हमखास. ही दोन उत्तरं मी वहीत अधोरेखित केली. का, ते पुढं येईल.

कोड काय म्हणाले आणि काय म्हणाले नाहीत

स्कॅनरवर दोन कोड साठलेले होते. पी००८७, म्हणजे रेलमधला दाब मागणीपेक्षा कमी. आणि पी२१३८, म्हणजे ॲक्सिलेटर पेडलमधल्या दोन सेन्सरचा एकमेकांशी मेळ नाही. आधीच्या गॅरेजनं पहिला कोड वाचून पंपावर बोट ठेवलं होतं आणि दुसरा 'असाच येतो' म्हणून पुसला होता.

पी००८७ कुठंही 'पंप खराब' असं म्हणत नाही. ईसीएमनं अमुक दाब मागितला आणि रेलवरच्या सेन्सरनं तमुक दाखवला, एवढंच तो सांगतो. तो दाब कमी पडण्याची कारणं एका बाजूला टाकीच्या झाकणापासून सुरू होतात आणि दुसऱ्या बाजूला इंजेक्टरच्या रिटर्नपर्यंत, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणाऱ्या नळीपर्यंत, जातात. पंप त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे, आणि बहुतेकदा सगळ्यात महागडा, म्हणून त्याच्यापाशी शेवटी पोचावं.

कोड पडला त्या क्षणाची फ्रीज फ्रेम, म्हणजे तेव्हा ईसीएमनं टिपून ठेवलेले आकडे, मात्र बोलकी होती. पी००८७ पडला तेव्हा इंजिन २,६०० आरपीएमवर, लोड नव्वद टक्क्यांच्या आसपास. पी२१३८ पडला तेव्हा गाडीचा वेग जवळपास शून्य. मामांच्या सांगण्याशी हे तंतोतंत जुळत होतं.

थ्रॉटल शोधणाऱ्यांसाठी

मालकांना एका पार्टवाल्यानं 'थ्रॉटल बॉडी साफ करून बघा' असाही सल्ला दिला होता. या गाडीत थ्रॉटल बॉडीच नाही. पेट्रोल इंजिनात पाय दाबला की हवेची झडप उघडते आणि हवेच्या मापानं पेट्रोल जातं. डिझेल इंजिन हवा मोकळी घेतं, ताकद ठरते ती आत फवारलेल्या डिझेलच्या मापावर. जुन्या इनलाइन किंवा रोटरी पंपाच्या गाड्यांत ॲक्सिलेटरची केबल थेट पंपाच्या लिव्हरला जोडलेली असायची. केबल अडकली, लिव्हर घासला, स्प्रिंग ढिली झाली की रेसची तक्रार यायची आणि ती डोळ्यांना दिसायची. १९९७ साली मोटारींत कॉमन रेल आली आणि पुढच्या काही वर्षांत ही केबल जवळजवळ सगळीकडं गेली. आता पाय ईसीएमला फक्त विनंती करतो. किती डिझेल, कुठल्या दाबानं, किती वेळ, हे ईसीएम ठरवतं.

काही डिझेल गाड्यांत, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर बहुतेकदा, हवेच्या वाटेवर एक झडप असते. ती ईजीआरचा धूर ओढायला, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जाळून साफ करताना एक्झॉस्ट तापवायला आणि इंजिन धक्का न देता बंद करायला असते. एरवी ती उघडीच राहते. काजळीनं ती अर्धवट मिटून अडकली तर गाडी काळा धूर टाकते आणि ओढत नाही, हे खरं. पण म्हणून प्रत्येक डिझेलमध्ये 'थ्रॉटल' साफ करायला जाणं म्हणजे वेळ घालवणं. या गाडीत पायापासून इंजिनपर्यंतचा मामला पेडल सेन्सर, त्याचं वायरिंग आणि ईसीएम एवढाच होता.

दोष घडत असताना बघणं

जागेवर उभी असताना ही गाडी नवरीसारखी चालली. रिकाम्या गाडीवर रेस दिली, सगळं ठीक. रेलचा दाब रिकाम्या चालीत (आयडलला) २८० बारच्या आसपास, स्थिर. म्हणून मी मालकांना म्हटलं, गाडी जशी घाटात असते तशी आणा, भरलेली. दुसऱ्या दिवशी ती गुळाच्या मालासकट आली आणि आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्यावर वाघबीळच्या चढणीला लागलो. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन.

पडद्यावर मी चारच आकडे ठेवले होते: पेडल किती टक्के, ईसीएमनं मागितलेला रेल दाब, प्रत्यक्ष रेल दाब, आणि पंपाच्या मीटरिंग व्हॉल्व्हला (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या झडपेला) दिलेला हुकूम. पन्नास आकडे एकदम लावले की स्कॅनरचा वेग मंदावतो आणि नेमका हवा तो क्षण निसटतो.

चढणीच्या मध्यावर तिसऱ्या गियरमध्ये झटका बसला. पेडल ८८ टक्के. मागणी १,४०० बार. प्रत्यक्ष १,१५०, मग १,०००, मग ९००. मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. म्हणजे ईसीएम पंपाला सांगतंय 'जेवढं आहे तेवढं दे', आणि पंपाकडून दाब चढत नाही. चेक लाइट लागली, ईसीएमनं ताकद कापली, म्हणजे गाडी लिंप मोडमध्ये गेली. मामांनी सवयीनं पेडल तीन-चारदा दणादण दाबलं, आणि त्याच क्षणी दुसरा कोड पडला. पेडलचा आकडा ८८ वरून एकदम शून्यावर आला, पाय तळाला असताना.

एकाच मिनिटात दोन्ही दोष डोळ्यांसमोर घडले, आणि आधी कोण, नंतर कोण, हेही कळलं. कुणाला या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. पेडलचा आकडा पायाबरोबर वर जातोय, मागणीही वाढतेय आणि प्रत्यक्ष दाब मागं राहतोय, तर दोष डिझेलच्या वाटेवर आहे. पाय दाबलेला असून पेडलचाच आकडा पडतोय किंवा गोठतोय, तर दोष पेडलमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. आणि पेडल बरोबर, पण ईसीएमची मागणीच वाढत नाही, तर ते दुसऱ्याच कारणानं हात आखडता घेतंय: टर्बोचा दाब, हवेचा सेन्सर, तापमान, काही गाड्यांत ब्रेकचा स्विच. तीन वाटा, आणि कुठल्या वाटेला जायचं ते चार आकडे सांगतात.

पंप निर्दोष का वाटला

दाब कमी पडतो तेव्हा संशयित तीन. पंपाला डिझेल कमी मिळतंय, किंवा पंप झिजलाय, किंवा तयार झालेला दाब कुठंतरी गळतोय, म्हणजे इंजेक्टरच्या रिटर्नमधून किंवा रेलच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून).

झिजलेला पंप आणि गळके इंजेक्टर यांची एक खूण असते: गरम गाडी सेलवर लांब फिरते. डिझेल गरम झालं की पातळ होतं, झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं, आणि सेलच्या संथ फिरण्यावर इंजेक्शन सुरू होण्याइतका दाब उभाच राहत नाही. ही गाडी गरम असताना एका झटक्यात चालू होत होती. सेल मारताना रेल दाब सेकंदाभरात अडीचशे बारच्या वर जात होता. म्हणून मामांचं ते उत्तर अधोरेखित केलं होतं.

तरीही खात्री हवी. इंजेक्टरच्या रिटर्नला चार मापाच्या बाटल्या लावल्या, इंजिन गरम करून चालवलं. चारही बाटल्या जवळजवळ सारख्या भरल्या, कुणीही उसळी मारली नाही. रेलच्या रिलीफ व्हॉल्व्हचा रिटर्न पाइप सोडून बघितला, कोरडा.

मग जुना फिल्टर मागितला. आधीच्या गॅरेजनं काढलेला मामांनी सीटमागं ठेवून दिला होता, ही माझ्या दृष्टीनं मोठी मदत. तो कापून कागद उन्हात पसरला. कॉमन रेल पंपाला वेगळं ऑइल नसतं, आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात आणि त्यांच्यातल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात. फिल्टरमध्ये टाकीकडचा मळ अडकतो, पंपाची झीज थेट तिथं येत नाही. पण पंप खायला लागला की त्याची धातूची भुकटी रिटर्नमधून टाकीत जाते आणि तिथून परत फिल्टरच्या कागदावर चमक दिसायला लागते. इथं चमक नव्हती. होता तो काळसर तपकिरी, बुळबुळीत थर, बोटावर घेतला तर शेवाळासारखा लांबणारा. नवा फिल्टर काढून बघितला तर त्यावरही तोच थर चढायला लागला होता.

इथं एक कळकळीची सूचना. जुन्या पंपाच्या गाडीत चालत्या इंजिनवर नोजलच्या पाइपाचा नट ढिला करून मिसिंग, म्हणजे काम न करणारा सिलिंडर, शोधायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका. हजार बारच्या वरच्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत घुसते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही फार नाही, आणि आत मांस कुजायला सुरुवात होते. असं झालं तर मलमपट्टी करत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डिझेल दाबानं आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गॅरेजमधल्या प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

ओढीची बाजू

या गाडीच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्या पाठीवर एक छोटा गियर पंप आहे, तोच टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढतो. त्यामुळं टाकीपासून पंपापर्यंतची लाइन दाबात नसते, ओढीत असते. याचा अर्थ असा की तिथं पाइप चिरला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. 'लिकेज कुठंच नाही' म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी गाड्या अशाच फसतात.

विहिरीवरच्या मोटारीचं शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. फूटव्हॉल्व्हच्या जाळीला गाळ बसला की मोटार चांगली असूनही पाणी बारीक येतं. इथं तेच तपासायचं होतं.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये टी जोडून व्हॅक्यूम गेज लावलं, लांब नळीनं गेज काचेच्या बाहेरच्या बाजूला वायपरशेजारी चिकटवलं, म्हणजे डिझेलची नळी केबिनमध्ये यायला नको. पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी टाकली. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा, पण निरोगी लाइनला मी उणे ०.१ ते ०.२ बारच्या आसपास बघत आलोय. वाघबीळच्या चढणीवर काटा उणे ०.२ वरून हळूहळू सरकत उणे ०.५५ ला गेला, आणि तिथं पोचताच गाडीनं झटका दिला. पारदर्शक नळीत बारीक फेस दिसायला लागला.

फेस बघून हवा शिरतेय असं वाटणं साहजिक आहे. पण काटा तसं म्हणत नव्हता. बाहेरून हवा शिरत असेल तर व्हॅक्यूम वाढत नाही, उलट कमी राहतो, कारण ओढ हवेवर भागते. व्हॅक्यूम जास्त आणि वर फेस, म्हणजे वाट तुंबलीय आणि अतिओढीमुळं डिझेलमध्येच विरलेली हवा बाहेर पडतेय. मग गेज फिल्टरच्या आधी लावलं. तिथंही उणे ०.४५. म्हणजे नवा फिल्टर थोडासाच जबाबदार, खरा अडथळा त्याच्याही मागं, टाकीकडं.

झाकणाचा श्वास बंद असेल तर टाकीतच पोकळी तयार होते. म्हणून दोष आलेला असतानाच गाडी थांबवून टाकीचं झाकण उघडलं. हवा ओढल्याचा आवाज नाही, काट्यात फरक नाही. झाकण संशयातून सुटलं.

शेवटची खात्री सगळ्यात सोपी. हौद्याच्या कोपऱ्यात स्वच्छ डिझेलचा कॅन दोरीनं घट्ट बांधला, त्यातून नवी नळी थेट फिल्टरला. रिटर्नही त्याच कॅनमध्ये आणला, कारण रिटर्नला भरपूर डिझेल जातं आणि तो टाकीत सोडला तर कॅन बघता बघता रिकामा होतो. टाकी पूर्ण बाजूला. तीच चढण, तोच माल, तोच गियर. मागणी १,४००, प्रत्यक्ष १,३९०. काटा उणे ०.१५ वर. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि पाय आणखी दाबला. गाडी ओढतच राहिली.

पन्नास हजारांचा पंप तिथं सुटला.

टाकीत काय होतं

टाकी उतरवली. तळाला पाणी, आणि पाण्याच्या नि डिझेलच्या मध्ये त्याच काळसर बुळबुळीत थराची साय. डिझेलमध्ये पाणी साचलं की त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. पाण्यात राहतात, डिझेलवर जगतात. ओढपाइपच्या तोंडाची जाळी त्या सायीनं जवळजवळ लिंपली होती.

गाडीचं सगळं वागणं आता जुळलं. भार आला की ओढ वाढते, गाळ जाळीला चिकटतो, वाट बंद होते. गाडी बंद केली की ओढ थांबते, गाळ सुटून खाली बसतो आणि गाडी परत पळते. टाकी पाव असेल तर गाळ डिझेलच्या थोड्या मापात ढवळत राहतो आणि चढावर जाळीपाशी गोळा होतो. बंद-चालूचा उपाय म्हणून दर वेळी लागू पडायचा.

फिल्टरच्या बुडाला असणाऱ्या पाण्याच्या सेन्सरचं कपलर (वायर जोडायचा प्लग) लोंबकळत होतं, बसवलेलंच नव्हतं. फिल्टर बदलताना ते राहून गेलं असावं. म्हणजे पाण्याचा इशारा देणारा दिवाही मुका.

पाणी आलं कुठून? मालकांची राधानगरी रस्त्याला शेती आहे, ट्रॅक्टरसाठी गोठ्याशेजारी २०० लिटरचा डिझेलचा ड्रम असतो. पहाटे गाडी काढायची तर पिकअपलाही त्यातूनच डिझेल. ड्रम उभा, पत्र्याबाहेर. उभ्या ड्रमच्या वरच्या कडांत पावसाचं पाणी साठतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बुचातून बाहेर जाते. रात्री थंड होतो आणि बुचापाशी साठलेलं पाणी आत ओढून घेतो. बूच घट्ट असलं तरी हे होतं. तिकडच्या पावसाळ्यात चार महिन्यांत किती पाणी जाईल याचा अंदाज करा. पेट्रोल पंपाला दोष द्यायचं काही कारण नव्हतं, आणि मालकांना ते पटलं.

पेडलचा दोष

हे काम छोटं, पण शोधायला नाजूक. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघांना स्वतंत्र ५ व्होल्ट आणि स्वतंत्र अर्थिंग. या गाडीत दुसऱ्याचा सिग्नल पहिल्याच्या निम्मा. पाय सोडलेला असताना ०.७४ आणि ०.३७ व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर ३.८ आणि १.९. हे नातं क्षणभरही बिघडलं तर ईसीएम दोघांवरही विश्वास ठेवत नाही. आपोआप जरा वाढलेल्या रेसवर गाडी अडकवून ठेवतं, म्हणजे हळूहळू का होईना, घरी पोचता येतं. ही सुरक्षेची सोय आहे, तिला बगल देऊ नका.

साध्या मल्टीमीटरवर पेडल दाबून-सोडून बघितलं तर आकडे सुरेख. क्षणार्धात पडून सावरणारा सिग्नल मीटरच्या आकड्यांत दिसतच नाही. म्हणून स्कॅनरवर आलेख लावला, मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा टिपणं) ठेवलं आणि पोराला पेडलच्या वरचं वायरिंग हलवायला सांगितलं. दुसऱ्या सेन्सरची रेघ धाडकन ०.१ वर आली आणि परत वर.

कपलर उघडलं. सहा पिनांपैकी दोनांवर हिरवी भुकटी, आणि एका मादी पिनेचं तोंड इतकं फाकलेलं की नवी पिन त्यात घातली तर आपल्या वजनानं खाली पडायची. केबिनचा तळ पाइप लावून धुतला जायचा, पाणी पेडलपर्यंत उडायचं. वर कुणीतरी म्युझिक सिस्टीमची वायर त्याच जुडग्याला बांधून जुडगं ताणलं होतं. प्रत्येक खड्ड्याला, आणि मामांच्या प्रत्येक दणक्याला, ती पिन सुटायची.

पेडल असेंब्ली नवीन मागवायची गरज नव्हती. दोन पिना बदलल्या, बाकीच्या साफ केल्या, जुडग्याला ढील दिली, म्युझिकची वायर वेगळ्या वाटेनं नेली. स्प्रे मारून कपलर परत दाबून देणं हा उपाय नाही. फाकलेली पिन स्प्रेनं आवळत नाही.

जोडणी आणि पुढं

टाकी रिकामी करून स्वच्छ डिझेलनं खंगाळून, पुसून, वाळवून घेतली. जाळी नवीन. लाइन फुंकताना फिल्टरकडचं तोंड सोडून, हवा टाकीच्या दिशेनं, कमी दाबानं, म्हणजे मळ पंपाकडं जाणार नाही. फिल्टर नवीन, पाण्याचा सेन्सर जोडला, तो पाण्यात धरून दिवा लागतो का तेही बघितलं. मग हातपंपानं एअर पूर्ण निघेपर्यंत लाइन भरली आणि नंतरच सेल मारला. कोरड्या पंपावर सेल मारत राहणं म्हणजे वंगणाशिवाय पंप फिरवणं. चांगला पंप खराब करायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

भरल्या मालानं वाघबीळ परत चढलो. व्हॅक्यूम उणे ०.१२, मागणी आणि प्रत्यक्ष दाब हातात हात घालून, पेडलची रेघ स्वच्छ. मग गाडी तिच्या कामावर सोडली. नारळ भरून फोंडा घाट चढल्यावर मामांनी दाजीपुरात थांबून फोन केला, तेव्हा टाकी पाव होती आणि लाइट लागली नव्हती. सगळं बिल पंपाच्या आकड्याच्या सातव्या हिश्श्याच्या आत बसलं.

ड्रमचं मालकांशी सविस्तर बोललो. तो पत्र्याखाली आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं डिझेलच्या पातळीखाली येतील असा, म्हणजे ती हवा ओढणार नाहीत. वापरताना उभा करायचा तर थोडा कलता, उपसा तळापासून चार बोटं वर ठेवून. शक्यतो पावसाळ्यात साठाच करायचा नाही. ट्रॅक्टरच्या टाकीचा तळही बघायला सांगितलाय, कारण डिझेल दोघांना त्याच ड्रममधलं गेलंय.

टाकी कितीही धुतली तरी लाइनच्या वळणांत हा गाळ थोडा उरतो. म्हणून तीन हजार किलोमीटरवर फिल्टर परत काढून कापायचा ठरवलं होतं. तो कापला तेव्हा कागदाच्या खालच्या घड्यांत पुसट काळसर रेघा होत्या, पाणी नव्हतं आणि चमक नव्हती. पुढचा फिल्टर मृगाच्या आधी बदलायचा, आणि तोही कापून बघायचा.